सरकारला माहीत असलेली मयत सरकारला सांगायला घरच्यांनी का पळायचं?

गावात माणूस गेला की तासाभरात सगळ्या गावाला कळतं. पाव्हण्यांना फोन जातात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फोटो पडतो, सरपंच मातीला येतो, पोलीस पाटील येतो, ग्रामपंचायतीचा शिपाई तर सरण रचायलाच असतो, आशाताई त्याच आळीत राहते, रेशन दुकानदार राख सावडायला पण हजर असतो. म्हणजे सरकारची म्हणता येतील अशी चार-पाच माणसं चितेभोवती उभी असतात. आणि तरीही सरकारी कागदावर तो माणूस जिवंतच राहतो, कधी महिनाभर, कधी वर्षभर, कधी कायमचाच, जोपर्यंत त्याची बायको नाहीतर पोरगा ग्रामपंचायतीत जाऊन सांगत नाही की आमचा माणूस गेला, नोंद करा.

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, म्हणजे या सगळ्या प्रकारावर माझंही पोट थोडंफार चालतं, ते आधीच सांगून टाकतो. रोज कुणीतरी येतंच. हातात कॅरीबॅग, त्यात लॅमिनेशन केलेलं आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड आणि मयताचा एक पासपोर्ट फोटो. वारस नोंद असो, विधवेची पेन्शन असो, विम्याचा क्लेम असो, पहिला कागद एकच लागतो, मृत्यूचा दाखला, आणि बऱ्याच जणांची गाडी तिथंच अडलेली असते. माझं म्हणणं साधं आहे. मृत्यूची नोंद करायची जबाबदारी घरच्यांवर असूच नये. ती सरकारने स्वतःहून करावी, दाखला घरी आणून द्यावा, आणि घरच्यांनी त्यात चूक असेल तर तेवढी सांगावी. दुकानात हे बोललं की लोक हसतात, म्हणतात सरकार कधी घरी येतं का. पण हे इतकं हसण्यासारखं नाहीये, कसं ते सांगतो.

आधी कायदा बघू. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्राचा कायदा १९६९ चा. आपल्याकडे गावात निबंधक, म्हणजे ही नोंद करणारा अधिकारी, म्हणजे ग्रामसेवक (२०२४ मध्ये सरकारने त्यांचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात) आणि जिल्ह्याला जिल्हा परिषदेचे आरोग्य अधिकारी हे जिल्हा निबंधक. घरी मृत्यू झाला तर घरच्यांनी कळवायचं, दवाखान्यात झाला तर दवाखान्याने. २१ दिवसांत कळवलं तर नोंद फुकट आणि पहिला दाखला पण फुकट. तीस दिवसांपर्यंत किरकोळ लेट फी. तीस दिवसांच्या पुढे वर्षापर्यंत जिल्हा निबंधक किंवा ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की पूर्वी कोर्टात पहिल्या वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहावं लागायचं, २०२३ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे बहुतेक वेळा तहसीलदारांकडे आलं. कागदावर वाचलं तर सगळं ठीकच वाटतं.

आता ते २१ दिवस जरा मोजून बघा. पहिले तेरा दिवस सुतकात जातात, दहावा, तेरावा, घर पाव्हण्यांनी भरलेलं, पोरांची डोकी भादरलेली, बाईला तर कुणी उंबऱ्याबाहेर पण जाऊ देत नाही. राहिले आठ. त्यातला शनिवार-रविवार काढा, ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा चार्ज असतो ते दिवस काढा, पंचायत समितीला मीटिंग असते तो दिवस काढा, आणि जो दिवस उरतो त्या दिवशी सर्व्हर डाऊन. मुसलमान घरातली बाई असेल तर तिची इद्दत चार महिने दहा दिवसांची, म्हणजे ती घराबाहेर पडेपर्यंत फुकट नोंदीची मुदत तर गेलीच, लेट फीची पण गेली, आणि प्रकरण जिल्ह्याला पोचलं. हा नियम करताना कुणी मयत झालेल्या घरात चार दिवस बसून बघितलं असेल असं मला वाटत नाही. आणि मुदत आहे हे तरी घरच्यांना सांगतं कोण? लग्नाच्या नोंदीचे बोर्ड लागतात, पल्स पोलिओची रिक्षा फिरते, मयताच्या नोंदीची दवंडी मी तरी कधी ऐकली नाही.

शहरात ही अडचण कमी का, तर तिथं स्मशानात कागद दाखवल्याशिवाय बॉडी आत घेत नाहीत. डॉक्टरचं सर्टिफिकेट, स्मशान पास, सगळं रात्री दोन वाजता पण करावं लागतं आणि त्या नादात नोंद होऊन जाते. गावात काय, नदीकाठाला सरण रचा, नाहीतर स्वतःच्या शेतात बांधाला अग्नी द्या, कोण विचारणार. पत्र्याचं शेड टाकून स्मशानभूमी झाली बऱ्याच ठिकाणी, पण तिथं रजिस्टर नाही, रजिस्टर लिहायला माणूस नाही. त्यामुळे गावात मयताची नोंद व्हायची की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं, कुणाला त्या दाखल्याची गरज पडते का. जमीन नावावर असली, विमा असला, बँकेत पैसे असले की नोंद होते. भूमिहीन म्हातारी गेली, तिच्या नावावर ना गुंठा ना खातं, तिची नोंद कशाला करायची. लहान लेकरू गेलं तर तेही तसंच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पण बायकांच्या मृत्यूची नोंद पुरुषांपेक्षा कमी निघाली ती उगाच नाही. मग वीस वर्षांनी त्या म्हातारीच्या माहेरच्या जमिनीत तिच्या लेकीचा हिस्सा निघतो, आणि सगळे माझ्या दुकानात येऊन विचारतात, आजी कधी गेली हो, कुणाला तारीख आठवतेय का. कुणी म्हणतं ज्या वर्षी मोठी गारपीट झाली, कुणी म्हणतं धाकट्याच्या लग्नाच्या आधी.

दुसरी अडचण ठिकाणाची. कायदा म्हणतो मृत्यू जिथं झाला तिथंच नोंद, माणूस राहतो तिथं नाही. तत्त्व म्हणून बरोबर आहे, नाहीतर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतील. पण गावाकडचा माणूस हल्ली गावात कमीच मरतो. सिरीयस झाला की ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल, तिथून मेडिकल कॉलेज, आणि शेवटचा श्वास जिथं सुटला त्या महापालिकेत नोंद. जाग्यावर कोण असतं, पुतण्या नाहीतर भाचा, रात्री तीन वाजता, दोन दिवस झोप नाही, सिस्टर म्हणते मयताचं पूर्ण नाव सांगा, इथं सही करा. पुतण्या जे सांगेल तेच नाव कायमचं. चुलत्याला आयुष्यभर आबा म्हणत आलेल्या पोराला त्यांचं कागदावरचं नाव ज्ञानदेव की ज्ञानोबा हे त्या वेळी आठवेल अशी अपेक्षा आहे. आधारवर ज्ञानदेव, सातबाऱ्यावर ज्ञानोबा, सोसायटीच्या पुस्तकावर ज्ञानू, आणि दाखल्यावर पुतण्याने सांगितलं ते. बायकांचं तर विचारूच नका, पार्वती, पार्वताबाई, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव. मग सुरू होतो एकच व्यक्ती असल्याच्या प्रतिज्ञापत्राचा खेळ. सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागत नाही असं शासन वेळोवेळी सांगतं, तरी टेबलावरचा माणूस स्टॅम्पवरच आणा म्हणतो आणि लोक आणतात, कारण भांडायला परत कोण येणार. कलम १५ मध्ये निबंधकाला मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी गावच्या बाईने शंभर किलोमीटरवरच्या महापालिकेत जायचं, तिथं टोकन घ्यायचं, आणि तिथला माणूस विचारणार की दवाखान्याने चुकीचं कळवलं तर आम्ही काय करू, दवाखान्याचं पत्र आणा.

वाटेत गेला तर अजून मजा. नियम असा आहे की चालत्या वाहनात मृत्यू झाला तर वाहनाच्या माणसाने पहिल्या थांब्यावर नोंदीची खबर द्यायची. अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर टोलनाक्यावर गाडी बाजूला घेऊन जवळच्या ग्रामपंचायतीचं कुलूप वाजवतोय असं चित्र डोळ्यासमोर आणून बघा. प्रत्यक्षात घरचे म्हणतात वाटेतच गेले, आता दवाखान्यात कशाला, पोस्टमॉर्टेमला चिरफाड करतील, गाडी फिरवा. आणि गाडी फिरते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर सगळ्यात वाईट. आमच्या भागातल्या एका बाईचं सांगतो, गाव-नाव नको. नवरा-बायको कोयत्यावर कर्नाटकात गेलेले, तिथं फडातच नवऱ्याच्या छातीत दुखलं, टायरगाडीवरून दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. टोळीतल्या लोकांनी वर्गणी काढून जीप केली आणि रातोरात बॉडी गावाला आणली, पहाटे माती झाली. सगळं माणुसकीने झालं, कुणाची चूक काढायची? पण नोंद कुठं? गावचा ग्रामसेवक म्हणाला मृत्यू इथं झालेला नाही, मी कसा लिहू, आणि कायद्याने तो बरोबर होता. तिकडची ग्रामपंचायत म्हणाली आमच्याकडे कुणी कळवलंच नाही, त्यांचंही बरोबर. शेवटी तिकडचं नोंद उपलब्ध नसल्याचं पत्र आणा, ते नमुना १० म्हणतात, मग उशिराच्या नोंदीचा अर्ज करा, तोवर वर्ष उलटून गेलं. तिकडचा फॉर्म कन्नडमध्ये, बाई अंगठेबहाद्दर, सोबत दहावी झालेलं पोरगं. आणि गंमत बघा, मुकादमाने नवऱ्याच्या नावावरची उचल, म्हणजे आगाऊ दिलेली मजुरी, बायकोच्या नावावर फिरवली ती तेराव्याच्या आतच, त्याला कसलाही दाखला लागला नाही.

या बाईला काय मिळणार होतं ते पण बघा. संजय गांधी निराधारचे महिन्याचे १,५०० रुपये. दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला म्हणून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,०००. बँकेने वर्षाला ४३६ रुपये कापलेले असतील तर जीवनज्योती विम्याचे २ लाख. हे सगळे पैसे ज्या दिवसात घरात ज्वारीचं पोतं आणायची सोय नसते त्या दिवसांसाठी आहेत. दीड-दोन वर्षांनी मिळाले तर मधल्या काळात पोराची शाळा सुटलेली असते आणि पुढच्या सीझनची उचल घेतलेली असते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नियम काढला की मयत खातेदाराचा क्लेम कागदपत्रं पूर्ण आल्यापासून पंधरा दिवसांत निकाली काढा, चांगलं आहे, पण सगळी गोम त्या कागदपत्रं पूर्ण आल्यापासून मध्ये आहे.

लोक म्हणतील सरकारला कसं कळणार कोण मेलं. सरकारला कळतं हो. हवं तेव्हा बरोबर कळतं. २०२५ च्या जुलैमध्ये आधारवाल्यांनी सांगितलं की भारताच्या महानिबंधकांकडून, म्हणजे देशातल्या जन्म-मृत्यू नोंदींवरच्या सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याकडून, मृत्यूच्या नोंदींचा डेटा घेऊन त्यांनी साधारण १ कोटी १७ लाख मयतांचे आधार नंबर बंद केले. त्याच वर्षी १ मेला निवडणूक आयोगाने जाहीर केलं की मृत्यू नोंदणीचा डेटा आम्ही महानिबंधकांकडून थेट ऑनलाइन घेणार आणि मतदार यादीतली नावं कमी करणार. २०२३ च्या दुरुस्तीतच ती सोय करून ठेवलीये, मतदार यादी, रेशन, आधार, सगळ्यांना हा डेटा देता येईल अशी. मला यावर आक्षेप नाही, मेलेल्या माणसाचं नाव यादीतून निघालंच पाहिजे. पण काढून घ्यायचं असलं की डेटा दिल्लीपर्यंत धावतो आणि द्यायचं असलं की बाईने झेरॉक्स घेऊन तहसीलला यायचं, हे कसं? ज्या संगणकाने रेशनकार्डातलं नाव उडवायचं त्याच संगणकाने निराधार योजनेच्या टेबलाला एक मेसेज टाकायला काय हरकत आहे की या गावातली ही बाई विधवा झाली, हिचा फॉर्म भरून घ्या?

जिवंत सातबारा मोहिमेतही हेच दिसलं. बुलढाण्यात सुरू झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. मोहीम चांगलीच आहे, आजोबा-पणजोबांच्या नावावर सातबारे पडून आहेत, कर्ज मिळत नाही, पीकविमा अडतो. तलाठ्यांनी गावात चावडी वाचन करून मयत खातेदारांच्या याद्या केल्या. म्हणजे बघा, सरकारने स्वतः चावडीवर बसून, गावासमोर वाचून ठरवलं की हा खातेदार मेलेला आहे. आणि पुढची पायरी काय, तर वारसांनी मृत्यूचा दाखला आणून द्यावा. तो दाखला कोण देणार, त्याच चावडीपासून पन्नास पावलांवर असलेली ग्रामपंचायत. एक महसूल खातं, एक ग्रामविकास, आणि वर देखरेखीला आरोग्य खातं, तिघं एकाच गावात, कधीकधी एकाच इमारतीत, आणि निरोप्याचं काम कुणाचं तर ज्याच्या घरात मयत झालीये त्याचं.

पूर्वी असं नव्हतं ही गोष्ट लोक विसरलेत. गावकामगारांच्या काळात जन्म-मृत्यूची वही गावच्या दप्तरातच असायची, गाव नमुना नंबर १४, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. कोण जन्मलं, कोण मेलं, कोणत्या जातीचं, कशाने, हे गावच्या चाकरीतली माणसं लिहून ठेवायची आणि ते दप्तर वर जायचं. इंग्रजांना आपल्या कल्याणाची पडलेली होती असं मी म्हणत नाही, त्यांना पटकी-प्लेगची खबर हवी होती. पण खबर काढणं हे गावकामगाराचं काम होतं, विधवेचं नव्हतं. आणि त्या वहीचं मोल बघायचं असेल तर २०२३ आठवा, न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या वेळी मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यात रेकॉर्ड रूम उघडल्या, मोडी वाचणारी माणसं शोधून आणली, आणि जी कागदपत्रं चाळली त्यात हेच कोतवाल बुक पण होतं. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या खापरपणजोबाची नोंद कोतवालाने केली म्हणून आज पणतवंडाला कुणबी दाखला मिळाला. आजच्या मयतांची शंभर वर्षांनी अशी काय नोंद सापडणार आहे?

मृत्यूच्या कारणाचं तर पानच कोरं आहे. २०२० मध्ये देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले जेमतेम २२ टक्के होते. बाकीचे म्हातारपण, हार्ट अटॅक, नाहीतर काहीच नाही. घरी गेलेल्या माणसाचं कारण ग्रामसेवक ठरवणार, तो काय डॉक्टर आहे? आणि जे कारण नोंदवलं ते दाखल्यावर छापायला कायद्यानेच मनाई आहे, ते ठीकच आहे, एड्सने गेलेल्याच्या घराला गावात त्रास नको. पण कोरोनात त्याच मनाईने लोकांना भंडावून सोडलं, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये ५०,००० रुपयांची मदत ठरली आणि बायका दाखला घेऊन गेल्या तर टेबलावरून प्रश्न, यावर कोविड कुठं लिहिलंय. आता दुरुस्तीत दवाखान्याने कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असं आलंय. ज्यांच्या घरी कुणी दवाखान्यात गेलं असेल त्यांनी ती मागा, मागितल्याशिवाय हातात पडेल याची खात्री मी देत नाही.

आता माझ्या म्हणण्यावर जो सगळ्यात खरा आक्षेप आहे त्यावर येतो, बोगसगिरी. सरकारने आपण होऊन नोंदी करायच्या ठरवल्या तर कुणीही कुणालाही मारून टाकेल असं म्हणतात. उत्तर प्रदेशात आझमगढच्या लाल बिहारी यांना नातेवाइकांनी कागदावर मारलं होतं, जमिनीसाठी, १९९४ मध्ये जिवंत ठरेपर्यंत त्यांनी मृतक संघ काढून लढाई केली. पण ते झालं कसं ते बघा ना, घरच्या माणसाने ऑफिसात जाऊन, चिरीमिरी देऊन, गावाला पत्ता न लागू देता. म्हणजे आत्ता जी पद्धत आहे तीच. गावासमोर नाव वाचून नोंद होत असती तर लाल बिहारी तिथंच उठून उभे राहिले असते की.

आपल्याकडचं ताजं प्रकरण जन्माच्या दाखल्यांचं. उशिराच्या नोंदीत बोगस दाखले निघाले म्हणून राज्यात जानेवारी २०२५ मध्ये उशिराचे दाखले देणंच थांबवलं, चौकशी लावली, मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आली, त्यात पोलिसांचा अभिप्राय, जाहीर प्रगटन, कागद कमी पडले तर फौजदारीची भीती. पुढे यवतमाळ जिल्ह्यात एका छोट्या ग्रामपंचायतीच्या लॉगिनवरून गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट नोंदी झाल्याचं उघड झालं, म्हणजे चोर कुठून शिरतो ते पण कळलं, लॉगिनमधून. त्यासाठी लॉगिनला कुलूप लावा, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो ते बघा, एका दिवसात शंभर नोंदी झाल्या की घंटी वाजू द्या. पण शिक्षा कुणाला झाली? जिचा नवरा खरंच मेला, ज्याची माती सगळ्या गावाने बघितली, त्या बाईला. जन्माची उशिरा नोंद आणि मृत्यूची उशिरा नोंद एकाच तागडीत टाकली. जन्माच्या दाखल्यावर कुणी नागरिकत्व मिळवेल ही भीती समजू शकतो, पण मेलेला माणूस कुठलं नागरिकत्व मिळवणार आहे? मृत्यूत बोगसगिरी होते ती जमीन आणि विम्यासाठी, तिचा तपास वेगळा, पुरावे वेगळे. लोक आता अर्जासोबत दशक्रियेची पत्रिका जोडतात, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा फोटो जोडतात, पेपरातलं कात्रण जोडतात. फ्लेक्सवर वीस पुढाऱ्यांचे फोटो असतात, त्यातल्या एकानेही ग्रामपंचायतीला कळवलेलं नसतं.

मग करायचं काय. पोलीस पाटील किंवा आशा यांनी मयत झाल्याच्या दोन दिवसांत मोबाईलवरून खबर टाकायची, नाव आधारवरून घ्यायचं म्हणजे ज्ञानदेव-ज्ञानोबाचा घोळ तिथंच मिटेल. केंद्राने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सीआरएसचं, म्हणजे त्यांच्या जन्म-मृत्यू नोंदणी प्रणालीचं, मोबाईल अॅप काढलंय, ते नुसतं घरच्यांसाठी नको, यांच्या हातात द्या. ग्रामसेवकाने खात्री करून नोंद करायची आणि कायद्यात आता सात दिवसांत दाखला द्यायचा असं आहेच, तो तेराव्याच्या आधी घरी पोचला पाहिजे. बाहेर मयत झाली तर जिथं माती झाली तिथल्या ग्रामपंचायतीने खबर घ्यायची आणि जिथं मृत्यू झाला तिथल्या निबंधकाला ऑनलाइन पाठवायची, माणसाने जायचं नाही, फाईलने जायचं. कर्नाटक असो नाहीतर गुजरात, सगळ्या राज्यांच्या नोंदी देशाच्या एकाच डेटाबेसमध्ये जायच्या असं २०२३ च्या दुरुस्तीत आहेच ना? आणि दर ग्रामसभेत मागच्या तीन महिन्यांत कोण गेलं त्यांची नावं वाचायची. राहिलेलं कुणी असलं तर गावच सांगेल, आणि जिवंत माणसाचं नाव वाचलं गेलं तर तो स्वतःच सांगेल.

ही पद्धत येईल तेव्हा येईल. तोपर्यंत एवढं लक्षात ठेवा की ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला लोकसेवा हक्क कायद्यात बसतो, आपले सरकार पोर्टलवर अर्ज टाकला की तारखेसकट पावती मिळते, मुदत गेली की अपील करता येतं, आणि कारण नसताना अडवणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. निबंधकाने नोंद नाकारली तर जिल्हा निबंधकाकडे तीस दिवसांत अपील, ही २०२३ ची नवी सोय आहे, फार कमी लोकांना माहितीये. तोंडी नाही म्हणाले तर लेखी नाही मागा. लेखी नाही म्हटलं की निम्म्या वेळा त्याचं हो होतं, हे मी काउंटरच्या या बाजूने रोज बघतो.

ग्रामसेवकांना शिव्या घालून काही होणार नाही, त्यांच्या डोक्यावर घरकुल आहे, पाणीपट्टी आहे, ऑडिट आहे, वर प्रत्येक मोहिमेचा फोटो अपलोड करायचा. आशाताईंवर हे टाकायचं तर फुकट टाकू नका, प्रत्येक खबरीमागे मोबदला ठरवा आणि तो त्याच महिन्यात द्या, कारण आशांना काम वाढवून द्यायचं आणि पैसे थकवायचे ही सरकारची जुनी सवय आहे, आणि तसं झालं तर पहिल्या दोन महिन्यांनंतर त्या अॅपवर एकही नोंद पडणार नाही.